तहान आवरताना

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर पिंप, घागरी, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवतं. आजारपणाच्या काळात मीसुद्धा भरत होते. कोपरापर्यंत हात पाण्यात, साडीचा काठ ओला, मोरीतून पाणी वाहतंय, आणि मला मात्र दिवसभरात प्यायला एक लहान बाटली. चहा आणि आमटी त्यातच धरायची.

ज्यांच्या घरात कुणाच्या किडन्या गेल्या आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. औषधांची नावं तुमचे डॉक्टर सांगतील. ज्या गोष्टी सांगायला त्यांच्याजवळ वेळ नसतो, तेवढ्या मी सांगते.

निदान झालं तो दिवस

माझं नाव सुरेखा. माहेर माळशिरस तालुक्यातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लग्न होऊन सोलापुरात आले. माझे मालक माणिकराव टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. आम्हाला एक मुलगी, पूजा, ती तेव्हा बारावीला होती. मी घरातूनच कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकते.

सुरुवात भाकरीपासूनच झाली. तव्यावरच्या भाकरीच्या वासानं एक दिवस मला मळमळायला लागलं. ज्या वासावर माझं घर चालत होतं तोच सहन होईना. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. संध्याकाळी पाय सुजायचे, तर दिवसभर उभी असते म्हणून सुजतात असं मी धरून चालले. मग जिना चढताना धाप लागायला लागली. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून तपासला आणि रक्त तपासायला पाठवलं.

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सरळ सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. वाढलेला रक्तदाब कित्येक वर्षं आत काम करत होता आणि मला पत्ता नव्हता. माणिकरावांनी विचारलं, गोळ्यांनी कमी येईल ना. डॉक्टरांनी माझ्याकडे बघत उत्तर दिलं, नाही. आता मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल, आणि घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बदलता येईल.

मी त्यावर काय विचारलं असेल? म्हटलं, मशीनच्या दिवशी भाकऱ्या करता येतील का. डॉक्टर हसले नाहीत. जमेल तेवढ्या करा म्हणाले. त्यांच्या त्या वाक्याला मी पुढं बरेच दिवस धरून होते.

परत येताना माणिकरावांनी गाडी घराकडं न नेता सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी थांबवली. मग ते म्हणाले, माझी देतो. पण त्यांना साखर आहे, डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच भेटीत नाही म्हटलं. माझ्या आईचं वय झालेलं. धाकटा भाऊ मेंढरांमागं रानोमाळ, त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. पूजाचं नाव कुणी घेऊ नये हे मी त्याच दिवशी बजावलं.

त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला नाही. आमचं दैवत बिरोबा. लहानपणापासून त्याच्या भंडाऱ्यात वाढलेली मी, पण त्याला सांगायलाही माझ्याकडं काही नव्हतं.

मशीन

आठवड्यातून तीनदा मशीन. हाताच्या दोन शिरा जोडून एक जाड शीर करतात, तीत सुया घालतात. जोडलेल्या जागेवर बोटं ठेवली की आत मधमाशी गुणगुणल्यासारखं लागतं. पहिल्या दिवशी मी घाबरले होते. नंतर सकाळी उठल्यावर तिथं हात लावून बघायची सवयच लागली. गुणगुणतंय म्हणजे आजचा दिवस आहे.

दर वेळी आधी वजन करायचं. मधल्या दिवसांत प्यालेलं पाणी अंगातच साठतं, ते काट्यावर दिसतं. काट्यापुढं खोटं बोलता येत नाही. पाणी जास्त झालं असेल तर मशीन ते ओढून काढतं, आणि ओढताना पोटऱ्यांत असे गोळे येतात की जीव नकोसा होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर रजिया आपा असायच्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, मशीनवर माझ्या आधीपासून. मी पहिल्या आठवड्यात रडत होते तेव्हा त्यांनी सांत्वन केलं नाही. लवंग दिली. तोंडात धरायची, चावायची नाही, तहान थोडी मागं सरते. मग म्हणाल्या, "आज का आज देखना मां. कल का मालिक देखता."

मी मनात म्हटलं, बोलायला काय जातंय.

तहान

ज्यानं कधी तहान आवरली नाही त्याला वाटतं, न पिणं म्हणजे काय, नाही प्यायचं. मलाही तसंच वाटायचं. पहिल्या उन्हाळ्यात कळलं. सोलापूरचं ऊन, त्यात भाकरीची चूल. जीभ टाळूला चिकटायची. डोळे मिटले की माहेरची विहीर दिसायची. मी देवाला नवस बोलू लागले. हे करीन, ते वाहीन, पण बरी कर. एक नवस झाला की दुसरा. आणि प्रत्येक नवसानंतर तहान होती तिथंच.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात माझ्यासमोर कुणी पाणीच पीत नाही. माणिकराव कामावरून आले की तांब्या घेऊन मोरीकडं जायचे. पूजा तर दाराआड उभी राहून प्यायची, घोटाचा आवाज होऊ नये म्हणून हळूहळू. माझ्या आजारानं माझी लेक चोरासारखी पाणी पिते, हे मला बघवेना. मी दोघांना बोलावलं, दोन तांबे भरून आणले आणि माझ्यासमोर बसून प्या म्हटलं. पूजा रडायला लागली. मी म्हटलं, रड, पण पी. तुम्ही लपून प्यायलात तर पाणी माझं दुश्मन होईल. मला त्याच्याशी वैर नाही करायचं.

त्या दिवसापासून सोपं झालं असं नाही. पण माझी लढाई माझ्यापुरती राहिली. मी मीठ सोडलं. मीठ सुटलं की तहान अर्धी होते, हे सगळ्यांना सांगते. गिऱ्हाइकांच्या चटणीला मीठ अंदाजानं घालायचे, चाखायला पूजाला द्यायचे. चूळ भरायची आणि थुंकायची. लिंबाची फोड ओठाला लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं सगळं आयुष्य पाण्याविना कसं काढू हा विचार आला की तिथंच त्याला थांबवायचं. आयुष्य माझ्याकडं मागितलेलंच नव्हतं. मागितला होता फक्त हा एक घोट. तो नाही घेतला की झालं. पुढचा घोट, उद्याचा दिवस, ते देवाकडं.

रजिया आपांचं बोलणं मला तेव्हा समजलं. मी नवस बोलायचं बंद केलं आणि पुन्हा दिवा लावायला लागले. आता मागायचं म्हणून लावत नव्हते. दिवसाचं माझं काम झालं, आता तुझं तू बघ, एवढं सांगायला लावायचे.

नातेवाईक काढे घेऊन येत. कुणी मुळी आणली, कुणी सांगितलं मशीन सोड, आमच्या ओळखीचा माणूस पानाचा रस देतो. देवावर विश्वास असेल तर मशीन कशाला, असंही एकानं ऐकवलं. मी त्यांना चहा देऊन पाठवायचे. मशीनसुद्धा देवानंच दिलंय असं मी धरलं होतं.

जत्रा

तरी एकदा माझा तोल गेला.

चैत्रात माहेरी बिरोबाची जत्रा असते. डॉक्टरांना विचारून, मशीन करून मी गेले. मोकळं माळरान, ढोलांचा आवाज, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. मला वाटलं मी बरी झालेच. माझ्या धाकट्या भावाची, बिरूची, बायको कमल ताक घेऊन आली. एक पेला घेतला. मग रांजणातलं गार पाणी. मग पुन्हा ताक. कुणी मोजत नव्हतं, मीही मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला श्वास घेता येईना. आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं. माझा भाऊ बिरू मेंढरं सोडून धावत आला. त्यानं मला उचलून जीपमध्ये घातलं आणि सोलापूरपर्यंत, सगळ्या वाटेनं, खिडकीजवळ उभं धरल्यासारखं बसवून आणलं. मोहोळच्या पुढं आल्यावर मी त्याला सांगितलं, माझ्या पूजाला बघ. तो माझी पाठ धरून होता.

लगेच मशीनला लावलं. श्वास परत आला तेव्हा बिरू पायाशी उभा होता. त्याच्या अंगावरची घोंगडीसुद्धा त्यानं काढली नव्हती.

"अक्का," तो म्हणाला, "माजी घे."

न मागणं

बिरूनं घरी जाऊन सांगितलं तसं कमलनं नाही म्हटलं. तिची बाजू सांगते, कारण ती खरी होती. बिरू मेंढरांमागं चालणारा माणूस. आठ महिने रानोमाळ, उघड्यावर झोपणं, मिळेल ते खाणं. दोन लहान पोरं. एक किडनी काढल्यावर हा चालू शकला नाही तर खायचं काय, आणि ह्यालाच काही झालं तर कुणाकडं बघायचं. मी तिच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

पण आईला ते पटेना. तिनं कमलशी बोलणं टाकलं. तिच्या हातचं जेवेना. पोटच्या पोरीचा जीव सुनेनं अडवला, असं भावकीत सांगू लागली. मला हे फोनवर कळत होतं. आणि इथं मला जे जाणवलं ते लिहायला जड जातंय. मला काहीही करायची गरज नव्हती. मी नुसती गप्प बसले असते तरी आईनं माझं काम केलं असतं. कमल किती दिवस टिकली असती? आणि माझा जीव वाचला असता.

मी दोन-तीन दिवस ते पोटात घेऊन फिरले. ही जगायची तहान होती. पाण्याची तहान तिच्यापुढं काहीच नव्हती. शेवटी एका मशीनच्या दिवशी, सुया हातात असतानाच, मी दुसऱ्या हातानं आईला फोन लावला.

म्हटलं, "आई, कमलला एक शब्द बोलायचा न्हाय. तिचा मानूस हाय, तिनं ठरवायचं. उद्या मी गेले, तरी सुनेमुळं गेली असं तुझ्या तोंडून निघायला नको. आन आज तिच्या हातचं जेव."

आईनं फोन ठेवून दिला. मी फोन खाली ठेवताना सुयांचा हात हलला आणि मशीन वाजायला लागलं. रजिया आपांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

घरी येऊन दिवा लावला आणि देवाला सांगितलं, द्यायचं असेल तर दे, पण कुणाचं हिसकून नको. इतकी स्वच्छ झोप मला त्या सगळ्या आजारपणात आली नव्हती.

त्यानंतर वर्षभर मशीन चाललं. त्या वर्षात माझं वजन काट्यावर कधी जास्त भरलं नाही. तंत्रज्ञ नवीन पेशंटना माझ्या खाटेकडं बोट दाखवायचे. ह्या बाई उन्हाळ्यात भाकऱ्या करून येतात, बघा. मला मनातून लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कमल आली

एका सकाळी मशीनवर असताना दारात कमल दिसली. एकटीच, एसटीनं आलेली. कुणी बोलावलं नव्हतं. चपला बाहेर काढून ती खाटेजवळ आली आणि स्टुलावर बसली. माझ्या नळ्यांतून फिरणारं रक्त बघत राहिली. पाणी हवं का विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

मशीन संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, मला डॉक्टरला भेटायचंय. डॉक्टरांना तिनं जे विचारलं ते तिथं कुणी कधी विचारलं नसेल. ह्यो मानूस मेंढरामागं चालंल का. कोकरू खांद्यावर घेईल का. उघड्यावर झोपला तर चालंल का. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. सगळ्या तपासण्या नीट आल्या तरच आम्ही घेतो, एका किडनीवर माणूस जगतो, काही महिने जड उचलायचं नाही, नंतर चालेल. धोका अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही, असंही ते म्हणाले. वर्षाला तपासणी करायची आणि आपल्या मनानं दुखण्यावरच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. कमलनं त्यांना ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्या दिवशी ती मुक्कामाला राहिली. सकाळी माझ्याबरोबर भाकऱ्या थापायला बसली. परातीकडं बघतच बोलली.

"वन्सं, मी न्हाय म्हनले. तुमी मला एक शबुद बोलला न्हाय. उलट सासूबाईला गप केलं. का?"

"तुजं खरं हुतं म्हनून," मी म्हटलं.

तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. वर पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तपासन्या करा त्यांच्या. जुळतंय का बगू आदी."

जुळलं. सगळं जुळलं.

प्रश्न

ऑपरेशनच्या आधी एक समिती बसते. देणारा स्वखुशीनं देतोय ना, त्याच्या बायकोची संमती आहे ना, हे विचारतात, कॅमेरा चालू ठेवून. आम्ही चौघं समोर बसलो. बिरूला विचारून झालं. मग कमलला एका बाईंनी विचारलं की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का.

मला वाटलं ती नाही म्हणेल आणि आम्ही उठू.

"हुता," कमल म्हणाली.

माणिकरावांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होते. सगळं इथंच संपलं असं वाटलं, आणि गंमत बघा, मन तरी शांतच होतं. मी मनात देवाला म्हटलं, तू बघ.

"सासूचा हुता, भावकीचा हुता," कमल सांगत होती. "तवा मी न्हाय म्हनले. मग ह्या माज्या नणंदंनं सगळ्यांस्नी गप केलं. वरीस झालं, मला कुनी काय म्हनलं न्हाय. आता कुनाचा दबाव न्हाय, म्हनून व्हय म्हनते."

त्या बाईंनी चष्मा काढून पुसला. आणखी काही विचारायचं राहिलं नव्हतं.

ऑपरेशन आणि नंतर

शुद्धीवर आले तेव्हा अंगभर दुखत होतं, आणि डॉक्टर खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडं बघून हसत होते. ज्याला किडनीचा आजार नाही त्याला ह्यात हसण्यासारखं काय ते कळणार नाही. पिशवी भरत होती. बिरूची किडनी माझ्या पोटात कामाला लागली होती. पहिला प्रश्न मी त्याच्याबद्दल विचारला. पलीकडच्या खोलीत तो नर्सला म्हणत होता, भूक लागलीय, भाकरी न्हाय का हितं.

मग मला पाणी प्यायला सांगितलं. भरपूर प्या म्हणाले. नर्सनं पेला हातात दिला आणि माझ्या घशाखाली घोट उतरेना. इतकी सवय झाली होती नाही म्हणायची. पूजानं पेला धरला आणि म्हणाली, "आई, रड, पण पी." तेव्हा कुठं प्यायले. थांबले नाही मग.

रोजच्या गोळ्या आता जन्मभर आहेत, वेळेवर, एकही चुकवायची नाही. धूळ, गर्दी, उघड्यावरचं खाणं, ह्यांना जपायचं. म्हणजे संयम अजूनही पाळायचाच आहे, फक्त त्याचं रूप बदललं. पण हे आता वाण्याकडून सामान आणण्याइतकं सोपं वाटतं. रजिया आपा अजून मशीनवर आहेत. अधूनमधून मी दारातूनच त्यांना भेटते, मास्क लावून. माझा आवाज ऐकला की त्या खाटेवरूनच हात वर करतात.

काही महिन्यांनी, पाऊस सरल्यावर, बिरूचा कळप चाऱ्यासाठी मोहोळच्या बाजूला उतरला. डॉक्टरांनी मला जनावरांपासून लांब राहायला बजावलं होतं, म्हणून मी रस्त्याच्या कडेला, वारा माझ्याकडून कळपाकडं जाईल अशा बाजूला उभी राहिले. मेंढरं आली. मागं पोरं, घोड्यावर बिऱ्हाड, कमल, आणि सगळ्यात शेवटी बिरू. खांद्यावर कोकरू होतं. डॉक्टरांनी त्याला आता परवानगी दिली होती. चाल तीच, लांब टांगांची.

तो थांबला नाही. दिवस मावळायच्या आत पुढच्या रानात पोचायचं होतं. लांबूनच मला म्हणाला, "चल की, अक्का, संगं."

मी चालायला लागले. कळपापासून अंतर ठेवून, रस्त्याच्या ह्या कडेनं. माणिकराव मागून गाडी हळू घेऊन येत होते आणि थोड्या थोड्या वेळानं विचारत होते, बसतेस का आता. मी नाही म्हणत होते. माझा श्वास चालत होता, पाय चालत होते. जिना चढताना ज्या बाईला धाप लागायची ती पुढच्या गावापर्यंत चालत गेली. कमलनं वळून मला एकदा बघितलं आणि हात केला, आणि मग वाट वळली तशी आम्ही सगळीच वळलो.